हिरवं दिसलं की संपलं

मला पाठीमागे कंट्रोलबाई म्हणतात. मला ठाऊक आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट बरंच वाटायचं. तेवीस वर्षं मी मांसाचे कागदाहून पातळ काप काचेवर रंगवत आले, आणि या तेवीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही काप कंट्रोलशिवाय पुढे गेलेला नाही. एक सोडून.

कंट्रोल म्हणजे काय ते आधी सांगते. आजारी माणसाचा काप रंगवायचा असला की शेजारी धडधाकट माणसाचा तसलाच काप घ्यायचा. तोच रंग, तोच दिवस, तोच हात. मग दोन्ही बघायचे. तरच कळतं, की जे दिसतंय ते आजाराचं आहे, रंगाचं आहे, की सगळ्यांच्यातच असतं. इतकं साधं आहे. पण नवीन आलेल्या मुलांना याचा भारी कंटाळा. "बाई, एवढ्याशा कामाला कशाला?" म्हणतात. त्यांना मी असं फैलावर घेते, की पुन्हा माझ्या टेबलाकडे येताना आधी कंट्रोल दाखवतात आणि मग तोंड उघडतात.

पहिली सोळा वर्षं मी एका मोठ्या इस्पितळात होते. तिथे माझ्याकडे लाल रंगाचं काम होतं. आपल्या शरीरातली प्रथिनं कधीकधी चुकीच्या घडीची होतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या घट्ट गुठळ्या बनतात. त्यांना अमायलॉइड म्हणतात. हृदयात बसल्या तर हृदय जातं, मूत्रपिंडात बसल्या तर मूत्रपिंड. काप लाल रंगात बुडवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला दोन खास काचा आडव्यातिडव्या लावून बघायचा. गुठळी असेल तर तेवढीच जागा लालाची हिरवी होते, कच्च्या सफरचंदासारखी. आमच्या विभागात बोलायची पद्धतच होती, हिरवं दिसलं की संपलं. मी सोळा वर्षं हिरवं बघितलं आणि प्रत्येक वेळी कुणीतरी खरंच संपलं. एकदाही चुकले नाही. माझं नाक वर झालं ते तिथेच.

नंतर मी या टिश्यू बँकेत आले. इथे बायकांच्या अंडाशयाच्या पट्ट्या गोठवून ठेवतात. कॅन्सरचं औषध सुरू झालं की पोटातली अंडी जळून जातात, म्हणून आधीच थोडा भाग काढून पट्ट्या करायच्या आणि द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवायच्या. बाई बरी झाली की पट्ट्या परत शिवायच्या. पुष्कळदा लागू पडतं. मी इथे लागले त्याच वर्षी आमच्या भिंगरीला रक्ताचा कॅन्सर निघाला.

भिंगरी म्हणजे माझ्या ताईची मुलगी. एका जागी बसायची नाही, म्हणून भिंगरी. ताई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, तिथून पुढे माझ्याकडेच वाढली. एकोणिसाव्या वर्षी तिला हे झालं. तिला पट्ट्यांचं मीच पटवलं. ती म्हणाली, "मावशी, मी जगते का मरते त्याचा पत्ता नाही, आणि तू माझ्या पोरांची तयारी काय करतेस?" मी म्हणाले, "गप बस आणि सही कर." आठ पट्ट्या निघाल्या.

ती जगली. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासायचं काम शिकली आणि त्यात इतकी तरबेज झाली, की मालक स्वतःच्या चष्म्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. लग्न केलं. आमचे जावई लिफ्ट दुरुस्त करतात, मितभाषी माणूस. सात वर्षं तिचा माझ्याशी एकच विनोद चालू होता. कधीही फोन केला की आधी विचारायची, "मावशी, माझी अंडी नीट झाकलीस ना? टाकीचं दार उघडं राहिलं नाही ना?" मी म्हणायचे, "दार मी स्वतः लावते, तू तुझं बघ."

गेल्या वर्षी ती म्हणाली, "आता काढ माझी अंडी." मूल हवं होतं तिला. दुसरं काही नको होतं. घरातली छोटी खोली तिने जावयांकडून आधीच रंगवून घेतली होती. मी रागावले, इतकी घाई बरी नव्हे म्हणाले, पण मनातून मला इतका आनंद झाला होता, की त्या दिवशी मी दोन काप उलटे लावले.

पट्ट्या परत शिवण्याआधी एक पट्टी तपासतात, तिच्यात कॅन्सर उरलाय का ते बघायला. नात्यातल्या माणसाच्या कापाला हात लावायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि तो मीच भांडून लिहवून घेतला आहे. त्यामुळे तपासणी दुसऱ्यांनी केली. कॅन्सर नव्हता. अंडी होती, भरपूर. सगळे म्हणाले, पुढच्या महिन्यात शिवू.

इथे मी थांबले असते तर. पण माझा स्वभाव तसा नाही. तपासणीतले दोन काप न रंगवता शिल्लक होते, ट्रेमध्ये पडलेले. मला वाटलं, इतकी वर्षं रक्त बिघडलेलं होतं पोरीचं, इतकी औषधं गेली, आत काही गुठळ्या बसल्या असल्या तर? पोट फाडायचं, शिवायचं, आणि मग कळायचं, त्यापेक्षा आपल्या डोळ्यांनी एकदा बघू. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी त्यातला एक काप लाल रंगात बुडवला. चोरून. कंट्रोल घ्यायचा तर निरोगी अंडाशयाचा मेणात बसवलेला ठोकळा कपाटातून काढावा लागतो आणि रजिस्टरमध्ये सही करावी लागते. सही केली की कुणीही विचारणार, बाई, कुणासाठी? म्हणून कंट्रोल घेतला नाही. म्हटलं, लाल रंगात मला काय कंट्रोल लागतो?

काचा फिरवल्या. कापात एकोणतीस अंडी होती, लहान, गोल, झोपलेली. आणि प्रत्येकात, एकूण एक अंड्यात, मधल्या केंद्राच्या शेजारी हिरवी टोपी. एकही सुटलं नव्हतं. मी काचा पुन्हा पुसल्या, पुन्हा फिरवल्या. हिरवंच.

मी ती काच घेऊन सरळ आमच्या बँकेच्या मुख्य डॉक्टरसाहेबांकडे गेले. नियम मोडल्याबद्दल ते काही बोलले नाहीत. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "अंड्यांच्या आत असं मी कधी बघितलेलं नाही. सहा महिने थांबू या का? कुणाला तरी विचारतो." मी म्हणाले, "साहेब, हिरवं म्हणजे हिरवं. मी सोळा वर्षं हेच केलंय. पोरीला आशेवर लटकत ठेवू नका." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे, बाई," म्हणाले. त्यांनी तिचं हृदय, मूत्रपिंड सगळं तपासून घेतलं. ते स्वच्छ निघालं. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

भिंगरीला मीच सांगितलं. तिने विचारलं, "खराब म्हणजे कसं खराब?" आणि माझ्या तोंडून शब्द गेला, "आतून कुजलंय गं." दुसरा शब्द सुचला नाही मला. तिने आपली नखं उलटून बघितली. मग म्हणाली, "मग कुजकं कशाला सांभाळायचं? काढून टाक." बँकेचा फॉर्म तिने त्याच आठवड्यात भरून दिला. उरलेल्या सात पट्ट्या टाकीतून काढायचं काम मी मागून घेतलं, परक्या हातांनी नको म्हणून. सात बारक्या नळ्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवल्या. त्यांच्यावरचा बर्फ वितळेपर्यंत मी शेजारी स्टुलावर बसून होते. मग त्या पिवळ्या पिशवीत टाकल्या आणि पिशवीचं तोंड बांधलं.

त्यानंतर तिचा तो विनोद बंद झाला. फोन करायची, जेवलीस का विचारायची आणि ठेवायची. छोट्या खोलीत जावयांनी आपली हत्यारं नेऊन ठेवली.

चार महिने गेले. आमच्या वरच्या मजल्यावर एक संशोधक मुलगी बसते, बेडकांच्या अंड्यांवर काम करते. मी तिला बेडूकवाली म्हणते. मला तोंडावर कंट्रोलबाई म्हणणारी ती एकटीच. परवा, म्हणजे महिना झाला आता, ती सहा काचा घेऊन आली. "बाई, लाल रंग मी पहिल्यांदाच केलाय. तुमच्या नजरेखालून घाला."

पहिल्या तीन बेडकाच्या होत्या. चौथी माणसाची. मी काचा फिरवल्या आणि बघितलं. झोपलेली अंडी, आणि प्रत्येकात केंद्राच्या शेजारी हिरवी टोपी. जशीच्या तशी.

मला वाटलं, आणखी एक पोरगी गेली. मी विचारलं, "ही कुणाची? काय झालं होतं हिला?"

"काही नाही," बेडूकवाली म्हणाली.

"काही नाही कसं? डोळे फुटलेत का तुझे? सगळ्यांत गुठळ्या आहेत. आणि कंट्रोल कुठंय? किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

ती गोंधळली. "बाई, हाच कंट्रोल आहे," म्हणाली. "अपघातात गेलेल्या बाईचं अंडाशय आहे. ठणठणीत होती. दोन मुलं होती तिला."

मी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून ती हौसेने समजावत बसली. अंडं बाईच्या जन्माआधी तयार होतं आणि मग वीस वर्षं, तीस वर्षं, चाळीस वर्षं नुसतं झोपून राहतं. तेवढ्या काळात आतला माल खराब होऊ नये म्हणून ते सगळं एका जागी गोळा करतं आणि प्रथिनांच्या धाग्यांनी घट्ट बांधून ठेवतं. "गाठोडं म्हणा ना, बाई. लोकरीचे कपडे आपण बांधून ठेवतो तसं. धागे त्या आजारातल्यासारखेच, म्हणून रंगही तसाच दिसतो. पण आजारातली गुठळी कधी सुटत नाही, आणि हे गाठोडं अंडं जागं झालं की आपोआप सुटतं." मग तिने शेवटची काच लावली. "हे बघा, ह्यात हिरवं नाही. ह्यातलं गाठोडं वेळेआधीच सुटलंय. हे मरायला टेकलेलं."

मी खण उघडला. भिंगरीची काच तिथेच होती, मी ती टाकली नव्हती. तिच्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर. मी ती बेडूकवालीपुढे सरकवली.

तिने बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "बाई, कसली सुरेख आहेत ही. एकही सुटलेलं नाही. तरुण बाईची दिसतात. कुणाची आहेत?" आणि मग डोळा न काढता म्हणाली, "आणखी मिळतील का?"

मी म्हणाले, "नाही. संपली."

मी हे जाऊन सांगितलं तेव्हा डॉक्टरसाहेबांनी दार लावून घेतलं. वाईट माणूस नाही. "कुणालाच माहीत नव्हतं, बाई. मलाही नव्हतं."

"माहीत नसतं म्हणूनच कंट्रोल ठेवायचा असतो, साहेब."

"मान्य. पण आता तिला सांगून काय मिळणार? एकदा सोसलंय तिने. परत तेच, वर तुमच्याबद्दल हे. मावशी म्हणून तरी विचार करा."

मी अकरा दिवस विचार केला. खोटं कशाला बोलू, विचार कसला, मी घाबरले होते. न सांगण्याची शंभर कारणं मी जमवली आणि ती सगळी चांगली होती. मग बाराव्या दिवशी तिने नेहमीसारखा फोन केला, जेवलीस का विचारलं, आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "मावशी, मी यांना म्हटलंय, तुम्ही दुसरी बघा. माझ्यात जे आहे ते कुजकंच आहे. आधी रक्त, मग हे. उद्या आणखी काही निघेल. तू तरी काय करणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या दुकानात गेले. मागच्या खोलीत यंत्र चालू होतं, ती भिंग धरून बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गाठोडं, हिरवा रंग, न घेतलेला कंट्रोल, सगळं. यंत्राच्या आवाजात तिला ऐकू येतंय का मला कळेना. तिने ते भिंग पूर्ण केलं, कडा बोटाने तपासली, यंत्र बंद केलं आणि म्हणाली, "दाखव."

आम्ही दोघी बँकेत आलो. माझ्या टेबलाशी तिला बसवलं, काच लावली, काचा फिरवून दिल्या. भिंगाची सवय असलेलं माणूस, तिला काही शिकवावं लागलं नाही. ती ओठ न हलवता मोजत होती, ते मला तिच्या बोटांवरून कळलं.

"अठ्ठावीस," ती म्हणाली.

"एक कडेला आहे. डावीकडे सरकव."

"हं. एकोणतीस." थोड्या वेळाने तिने विचारलं, "ही सगळी चांगली होती?"

"सगळी."

"आणि बाकीच्या सात पट्ट्यांतली?"

"तशीच असणार."

"असणार की होती?"

"होती," मी म्हणाले.

"आता ही झोपलीत?"

"नाही गं. मेलीत. रंगवायची म्हणजे आधी मारावीच लागतात."

ती अजून डोळा लावूनच होती. "म्हणजे मी कुजकी नव्हते," ती म्हणाली. मला नव्हतं विचारलं तिने, तरी मी म्हणाले, "नव्हतीस, बाळा, कधीच नव्हतीस," आणि मला रडू आलं. तिला नाही आलं. तिने डोळा काढला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "सात वर्षं विचारत होते तुला, दार नीट लावलंस ना म्हणून."

मी तिच्या हाताला हात लावायला गेले, तिने हात मागे घेतला. रागाने नाही, गरम भांड्याला बोट लागलं की घेतो तसा. मग तिने खिशातून भिंग पुसायचं फडकं काढलं, काच कडांनी धरून उचलली, फडक्यात गुंडाळली आणि चष्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवली.

आणि माझ्या तोंडून गेलं, "काच बाहेर नेता येत नाही गं, नियम आहे." तेवीस वर्षांची जीभ, मेली ती बोलून गेली. भिंगरी दारात थांबली. "नियम," ती म्हणाली, आणि डबी खिशात टाकून निघून गेली.

त्याच दिवशी मी रजिस्टर काढलं आणि त्या जुन्या तारखेखाली लिहिलं: नात्यातल्या बाईचा काप रंगवला, कंट्रोल ठेवला नव्हता, निष्कर्ष चुकीचा, सात पट्ट्या वाया. खाली सही केली. डॉक्टरसाहेबांनी वाचलं, रजिस्टर मिटलं आणि मला कामावर जायला सांगितलं. मला काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं. नवीन मुलं अजून माझ्याकडे कंट्रोलशिवाय काप आणतात. मी काही म्हणत नाही, परत पाठवते.

काल जावई आले. बसले नाहीत. म्हणाले, ती सांगते तुम्ही इतक्यात घरी येऊ नका. इतक्यात म्हणजे किती ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसरीचा विषय तिने सोडलाय, छोट्या खोलीचं दार बंद असतं, कामावर जाते, येते. आल्यावर डबीतून काच काढते आणि खिडकीपाशी उजेडाला धरून बघत बसते. नुसत्या डोळ्याला त्यात नखाएवढा लाल डाग दिसतो, बाकी काही नाही. दुकानातून तिने जाड जाड भिंगं करून आणलीत, एकावर एक धरून बघते.

"मावशी," जावई म्हणाले, "घरच्या घरी तिला दिसेल असं काही करता येईल का? निदान ते हिरवं तरी?"

मी म्हणाले, "नाही, जावईबापू. साध्या उजेडात ते लालच दिसतं."